कोटाईला उजवी घालून

कर्जतहून चौक गावाकडे जाणारा रस्ता धरला, की वाटेत माथेरानच्या डोंगराला बिलगून उभा असलेला एक बुटका डोंगर दिसतो. त्याच्या माथ्यावर पडक्या तटाची काळी कड आहे. सरकारी नकाशात त्याचं काय नाव असेल ते असो, आसपासच्या गावांत त्याला नुसतं ‘कोट’ म्हणतात. पनवेल बंदरातून बोरघाटाकडे जाणाऱ्या मालावर इथून पहारा असे, असं आमच्या घरी ठासून सांगितलं जातं. सांगणारे आमचे हे आहेत, त्यामुळे खात्री मी देणार नाही. पण कोट मी स्वतः चढून आले आहे, आणि जे तिकडे गेले नाहीत त्यांना सांगावंसं वाटतं म्हणून हे लिहिते. लोक किल्ल्यावर इतिहासासाठी जातात. आम्ही गेलो ते चपलांसाठी.

ते आधी सांगायला हवं. माझी नणंद शालू, हिचा उजवा पाय डाव्यापेक्षा दोन बोटं आखूड आहे. जन्मापासूनच. बाकी मुलगी अशी, की घरात ती नसली तर घर मुकं वाटतं. लढाईत मुंबईवर बॉम्ब पडतील या धास्तीनं गिरगावातलं बिऱ्हाड हलवून आम्ही कर्जतला आलो, तेव्हापासून तिच्या लग्नाची खटपट चालू होती. दोन स्थळं येऊन गेली. मुलगी पोह्यांची बशी घेऊन आतल्या दारातून बैठकीपर्यंत येते, तेवढ्या चार पावलांत सगळं आटपायचं. पाहुणे पोहे खायचे, पत्ता लिहून घ्यायचे आणि गप्प बसायचे.

तिसरं स्थळ खोपोलीकडचं. मुलगा अनंतराव, रस्त्यांच्या कामावर ओव्हरसिअर, वडील नाहीत, आई करडी पण सरळ, असं कळलं होतं. माझ्या सासूबाईंनी, म्हणजे माईंनी, मनाशी पक्कं केलं होतं की हे जुळलं तर ठीक, नाहीतर अलिबागकडच्या बिजवराला होकार कळवायचा. त्या गृहस्थाला दोन मुलं होती आणि वय शालूच्या दुप्पट. हे ऐकल्यापासून शालूचं गाणं बंद झालं होतं, आणि मला रात्री झोप लागेनाशी झाली होती.

मग माईंनी कर्जतच्या बाजारातून एक चपलांचा जोड करवून घेतला. उजव्या चपलेला चामड्याचे जादा थर, वरून दिसणार नाहीत असे. ती घालून शालू चालली की काही कळायचं नाही. पण अडचण अशी, की चप्पल घालून मुलगी दाखवायची कुठे? घरात चपला दाराशी निघतात. देवळात पायरीशी निघतात. कुणाच्या ओसरीवर गेलं तरी तेच. माईंनी आठवडाभर डोकं खाजवलं. शेवटी ह्यांना सुचलं, “किल्ल्यावर जाऊ. सहल म्हणू. किल्ल्यावर कोण चपला काढतं?”

माई इतक्या खूश झाल्या की त्यांनी त्या दिवशी ह्यांना दोनदा साय वाढली. शालू मात्र रात्री माझ्या कानाशी म्हणाली, “वहिनी, आणि लग्नानंतर गं? चपला घालूनच निजायचं का मी?” मी हसले आणि मग मला हसू येईना.

गाडीवाट

कार्तिकाचे दिवस. पहाटे निघालो तेव्हा धुकं इतकं होतं की आमच्या गाडीचे बैल मला दिसत नव्हते, नुसत्या घुंगरांवरून ते पुढे आहेत हे कळत होतं. मला लहानपणापासून एक खोड आहे, गाडीत बसलं की मन सुटतं. माई त्याला ‘सूनबाईंची समाधी’ म्हणतात. त्या दिवशीही तसंच झालं. भात कापून झालेल्या खाचरांतून ओलसर पेंढ्याचा वास येत होता. मधेच एखादं झाड धुक्यातून बाहेर यायचं, आपल्याकडे बघायचं आणि परत आत जायचं. कुठेतरी कुणी बाई कुणाला तरी हाका मारत होती, आणि ती हाक किती लांबून येते आहे ते सांगता येत नव्हतं. असंच आयुष्यभर चालत राहावं, कुठे पोचूच नये, असं मला वाटत होतं. शालूच्या बाजूनं तर फारच वाटत होतं.

चौकाच्या अलीकडे, एका फाट्यावर अनंतराव आणि त्यांच्या मातोश्री, म्हणजे काकू, दुसऱ्या गाडीत थांबले होते. काकू उंच, हाडापेरानं मोठ्या, बोलणं मोजकं. अनंतराव त्याहून मोजके. त्यांनी नमस्कार केला आणि आमच्या गाडीच्या चाकाखालचा रस्ता बघत राहिले. माईंनी शालूला गाडीतून उतरवून चार पावलं उगाचच चालवलं. ती सरळ चालली. काकूंनी पाहिलं आणि मान हलवली. माईंचा चेहरा असा उजळला की मलाच लाज वाटली.

बेत असा होता, की पायथ्याच्या आंब्याखाली सतरंज्या घालायच्या. पुरुषांनी हवं तर वर जावं, बायकांनी सावलीत बसावं. पण पायथ्याच्या ठाकरवाडीत ह्यांनी वाट दाखवायला सोमी नावाच्या बाईला बरोबर घेतलं, आणि तिथेच बेत बिघडला. सोमी माझ्याच वयाची, काटक, कमरेला कोयता. काकूंनी तिला सहज विचारलं, “वर काय आहे गं?”

“वर आमची कोटाई हाय,” सोमी म्हणाली. “नवसाला पावती.”

काकू लगेच उठल्या. “मग इथवर येऊन देवीचं तोंड न बघता का परत जायचं? चला सगळ्या. ही मुलगीसुद्धा चालेल की, तरणीताठी आहे.”

नाही म्हणायला कारण सापडेना. आम्ही निघालो.

टाकं

पहिला चढ सोपा आहे. वाट कारवीच्या झुडपांतून जाते. कारवी त्या साली फुलली नव्हती, पण सोनकीची शेवटची पिवळी फुलं अजून गवतात होती. धुकं खाली राहिलं आणि आम्ही उन्हात आलो. तिथे एक कातळात खोदलेलं टाकं लागतं. पाणी काळंशार, त्यात आभाळाचा तुकडा आणि काठाच्या नेच्याची उलटी पानं. मी वाकून पाहिलं तर मला माझं तोंड फार दिवसांनी भेटल्यासारखं वाटलं. पाणी इतकं गार होतं की ओंजळ तोंडाशी नेताना दात शिवशिवले. मी तिथेच बसून राहिले असते.

तोच सोमी म्हणाली, “चपला हितंच काढा, बायांनू. बाप्यांनी बी.”

माई टाक्याच्या काठावर थबकल्या. “इथे? देऊळ तर वर आहे ना?”

“देऊळ कुठलं, आई? देऊळ नायच. हितनं वर समदी कोटाईच हाय. डोंगर म्हंजे तीच.”

“पण हा किल्ला आहे ना!” माई जवळजवळ ओरडल्याच.

“किल्ला व्हता तवा बी ती व्हतीच की. शिपाय बी अनवाणीच चढायचं, आमचं म्हातारं सांगायचं.”

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी ह्यांच्याकडे. रस्ता, पाणी, सावली, सगळ्याची चौकशी करून आलो होतो, आणि एवढं एक विचारायचं राहिलं होतं. मुलीला कावळा शिवलाय, ती इथेच थांबेल, असं सांगावं असं माझ्या मनात आलं. पण मग सकाळपासून तिनं हात लावलेल्या डब्यांचं काय करायचं, आणि काकूंच्या शेजारी ती मांडीला मांडी लावून बसली होती त्याचं काय? ते गिळलं. काकूंनी तर केव्हाच वहाणा काढून झाडाखाली ठेवल्या होत्या. शालू खाली बसली. तिनं आधी डावी चप्पल काढली, मग जरा थांबून उजवी. दोन्ही पालथ्या घालून गवतात सारल्या.

इथून वर जाणाऱ्या प्रत्येकानं एक दगड उचलून न्यायचा, असा तिथला रिवाज आहे. कोट पडतो आहे, तो देवीला पुन्हा बांधायचा आहे, म्हणून. आपल्याकडे देवीला नारळ नि खण नेतात. मला हा दगडाचा रिवाज जास्त आवडला. काकूंनी चांगला मोठा घेतला. ह्यांनी सुपारीएवढा घेतला आणि पुराणवस्तूंचं जतन यावर बोलू लागले.

टाक्यापासून वाट सरळ वर चढत नाही. ती डोंगराला वळसा घेत, तिरकी तिरकी चढते. डोंगर उजव्या हाताला, दरी डाव्या हाताला. आणि वाट दरीकडे कललेली. आता मी जे पाहिलं ते नीट सांगते. आम्ही सगळे त्या कललेल्या वाटेवर झोकांड्या खात होतो. ह्यांचा डावा पाय सारखा खाली जात होता, दोनदा ते बसलेच, आणि एकदा त्यांची टोपी दरीत गेली ती गेलीच. काकू गुडघ्यावर हात देत होत्या. आणि शालू, अनवाणी, दगड छातीशी धरून, आमच्या पुढे सरळ चालली होती. उंच बाजूला तिचा आखूड पाय, सखल बाजूला लांब पाय. वाट जणू तिच्या मापानं पाडली होती. जन्मात पहिल्यांदा मी तिला अशी चालताना पाहत होते. तिच्या पाठीवरची वेणी मधोमध होती, जराही हलत नव्हती.

माईंनाही दिसलं. त्या माझा दंड दाबून पुटपुटल्या, “पावली गं बाई, कोटाई पावली.”

अनंतराव शालूच्या मागोमाग चालत होते. ते आतापर्यंत एक शब्दही बोलले नव्हते.

माथा

कातळात कोरलेल्या, झिजलेल्या पायऱ्या, मग दोन बुरुजांच्या मधला एक ढासळलेला दरवाजा, आणि आपण एकदम मोकळ्यावर येतो. माथा सपाट आहे. गुडघाभर पिवळं गवत, त्यात घरांचे चौथरे, एका चौथऱ्यावर उंबर उगवलेला. त्या उंबराखाली कोटाई, म्हणजे शेंदूर लावलेला एक तांदळा, नुसता न घडवलेला दगड. चारी बाजूंना तट कुठे कमरेइतका, कुठे घोट्याइतका. वारा वाहत होता आणि सगळं गवत एका बाजूला निजून परत उठत होतं. समोर माथेरान, त्याच्या पलीकडे प्रबळ, इर्शाळचं टोक. इथे कुणी राहत होतं, त्यांनी पाणी भरलं, भाकऱ्या थापल्या, संध्याकाळी तटावर बसून आपल्या गावाच्या दिशेला बघितलं, असं मनात येत गेलं आणि माझी समाधी लागली. घटकाभर मला लग्नाचाही विसर पडला.

भानावर आले ती माईंच्या आवाजानं. त्यांनी शालूला दरवाजाशीच, तटाच्या सावलीत बसवलं होतं. दगड तिच्या हातून घेऊन स्वतः नेऊन ठेवला होता. माझ्या कानाशी त्यांनी बेत सांगितला. आता हिनं उठायचं नाही. जेवण इथेच वाढायचं. उतरताना पाहुणे पुढे जाऊ द्यायचे, आपण आवराआवर करत मागे राहायचं. टाक्यापाशी चपला आहेतच. बेत बिनचूक होता. उतरताना डोंगर डाव्या हाताला येणार होता आणि शालूचा आखूड पाय दरीकडे, म्हणजे तिचं लंगडणं दुप्पट होणार होतं. पण ते बघायला मागे कुणी नसणार होतं.

काकू पार पलीकडच्या तटाशी उभ्या होत्या. तिथून पश्चिमेला सगळी सखल भूमी दिसते. त्यांनी डोळ्यांवर हात धरला आणि हाक दिली, “अगं मुली, इकडे ये बरं जरा. तुझे भाऊ म्हणतात समुद्र दिसतो. मला नुसतं पांढरं दिसतंय. तुझे डोळे तरणे आहेत.”

“दमलीय हो ती,” माई घाईनं म्हणाल्या. “मी येते.”

“मी दमले नाही, माई,” शालू म्हणाली आणि उठली.

दरवाजापासून पलीकडच्या तटापर्यंत सपाट मैदान आहे. ते काही फार मोठं नाही, पण त्या दिवशी ते संपता संपेना. शालू चालली ती घरी चालते तशीच. घाई केली नाही, लपवलं नाही. उजवं पाऊल पडलं की खांदा खाली, डावं पडलं की वर. गवत तिच्याबरोबर हलत होतं. ह्यांनी बोलणं अर्ध्यावर सोडलं. माई खाली बसल्या. चौथऱ्यापाशी उभे असलेले अनंतराव तिच्याकडे बघत होते, आणि मला त्यांच्या चेहऱ्यावरचं काही वाचता येईना.

ती तटाशी पोचली. तिनं बघितलं आणि म्हणाली, “दिसतो. ती उजेडाची रेघ आहे ना, ती खाडी. तिच्या पलीकडे समुद्रच.”

काकूंनी खाडीकडे पाहिलंच नाही. “पाय मुरगळला का गं चढताना?” त्यांनी विचारलं. आता हो म्हणाली असती तरी निभावलं असतं. मी मनातल्या मनात तिला म्हणत होते, म्हण, हो म्हण.

“नाही, काकू. जन्मापासून असाच आहे. दोन बोटं आखूड.”

“सकाळी तर नीट चालत होतीस.”

“ती चप्पल तशी करवलीय.”

काकू वळल्या आणि मैदान ओलांडून माईंपाशी आल्या. “आम्हाला हे आधी का नाही सांगितलंत?”

माईंनी वर पाहिलं. त्यांचे डोळे भरले होते, पण आवाज करारी होता. “सांगितलं असतं तर आला असतात?”

काकूंनी जरा विचार केला. “नसते आले,” त्या म्हणाल्या.

मी डबे उघडले, कारण दुसरं काय करावं ते कळेना. तांदळाच्या भाकऱ्या, वांग्याचं भरीत, शेंगदाण्याची चटणी, कांदा, आणि साखर मिळत नव्हती म्हणून गुळाच्या वड्या. पोहे मी मुद्दामच केले नव्हते. सगळे गोलात बसलो. सोमीनं उंबराखालून पानं आणून दिली. भाकरी मोडल्याचा आवाज येत होता आणि लांब खाली कुठेतरी गुराख्याचा पावा. एरवी असं जेवण मला स्वर्गात नेऊन बसवतं. त्या दिवशी घास फिरत होता.

काकूंनी एकदम विचारलं, “मला फसवणार होतीस ना गं तू?”

“होय,” शालू म्हणाली. “म्हणजे सकाळी फसवणार होते. मग ती वाट लागली. त्या वाटेवर मी सरळ चालत होते, काकू. चपलेशिवाय. मग वर आल्यावर बसून राहायचं जिवावर आलं.” आणि जरा थांबून म्हणाली, “शिवाय चपला घालून निजायचं म्हणजे फारच झालं असतं.”

काकूंना ठसका लागला. मी पाण्याचा तांब्या पुढे केला तेव्हा कळलं की त्या हसत होत्या. त्यांना हसायचं नव्हतं, हेही दिसत होतं. त्यांनी तोंड पुसलं आणि पुन्हा गंभीर होऊन म्हणाल्या, “अर्धी भाकरी वाढ.” शालूनं वाढली. होकार नाही, नकार नाही. माईंनी तर पानाला हात लावला नव्हता. बिजवराला पाठवायचं पत्र त्या मनात लिहीत असाव्यात, असा त्यांचा चेहरा होता.

उतरण

ऊन तटावरून सरकलं. जायला हवं होतं. ह्यांनी डबे उचलले आणि आलो त्या दरवाजाकडे वळले. आता पाहुण्यांना पुढे घालायचं काही कारण उरलं नव्हतं. शालू पदर खोचून उभी राहिली आणि तिनं त्या वाटेकडे पाहिलं. चढताना तिला धार्जिणी झालेली वाट आता उलटी पडणार होती, आणि खाली दरी होती. तिनं माझा हात घट्ट धरला. ती घाबरली होती.

तेव्हा अनंतराव बोलले. सोमीला म्हणाले, “बाई, उतरायला दुसरी वाट आहे का? हीच तिरकी वाट पुढे तशीच वळत जाते का, डोंगर उजवीकडेच ठेवून?”

“हाय की,” सोमी म्हणाली. “आमी तिनंच उतरतो. कोटाईला डावी घालत नाय कुनी. उजवी घालून फेरा पुरा करायचा, मंग टाक्यापाशी येतं. पन तुमास्नी नाय सांगितली, लई लांब पडती. मागनं पार डोंगर फिरून जाती.”

“पण ती कललेली तशीच ना? दरी डावीकडे?”

“तशीच.”

“मग तिनं जाऊ.” एवढं म्हणून त्यांनी शालूकडे पाहिलं. कान लाल झाले होते त्यांचे. “म्हणजे, तुम्हाला सोपं जाईल. चढताना मी बघत होतो.”

शालूनं मान खाली घातली.

आता सगळे काकूंकडे बघत होतो. त्या अजून चौथऱ्यावर बसल्या होत्या, गुडघे चोळत. जवळची वाट समोर होती आणि लांबची वाट त्यांच्या गुडघ्यांना परवडणारी नव्हती, हे आम्हाला सगळ्यांना कळत होतं. त्यांनी मुलाकडे बराच वेळ पाहिलं. मग शालूकडे. मग हात टेकून कण्हत उठल्या, लुगडं झटकलं, आणि तटापाशी मान घालून बसलेल्या माईंसमोर जाऊन हात पुढे केला.

“उठा, विहीणबाई,” त्या म्हणाल्या. “लांबच्या वाटेनं जायचंय.”